अस्तर शाबूत आहे

दिवाळी जवळ आली की शिंप्याच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानी पडतो : "अस्तर लावायचे का?" अस्तर हा मूळचा फारसी शब्द. पण आपल्या बायकांनी तो असा काही आपलासा केला आहे, की त्याचे परकेपण आज कुणाच्या ध्यानातही येत नाही. कापड कितीही भारी असो, आत अस्तर नसेल तर ते अंगावर नीट बसत नाही. आणि गंमत अशी, की ज्याच्यावर एवढे अवलंबून ते अस्तर बाहेरून कुणाला दिसत मात्र नाही.

डॉक्टरांवर मराठीत बोलण्याची वेळ आली, तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या आवरणासाठी त्यांनी हाच शब्द उचलला. शब्द चांगला निवडला. पण कोणताही शब्द घरात शिरतो तो आपल्या जुन्या ओळखीपाळखी बरोबर घेऊनच. शिंप्याचे अस्तर एकदा उसवून टाकले की गेले. शरीराचे अस्तर तसे नाही. एवढा एक फरक ध्यानात न आल्यामुळे माझ्या नात्यातल्या एका मुलीचा संसार मोडायला निघाला होता. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात मी हा शब्द घेतला आहे.

सणासुदीला हा आजारपणाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीलाच लेकी माहेरी येतात, आणि दिवाणखान्यात फराळ चालू असताना मागच्या पडवीत हलक्या आवाजात याच गोष्टी चाललेल्या असतात. त्या जरा मोठ्याने बोलाव्यात असे मला वाटते.

भोर तालुक्यातले भोंगवली हे माझे आजोळ. पुणे-सातारा रस्ता सोडून आत वळले की हे गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई घरोघर फिरतात, शाळा-कॉलेजात शिकलेल्या मुली घरोघरी आहेत. तेव्हा हे अडाणी गावातले प्रकरण आहे असे शहरातल्या वाचकांनी समजू नये. नेमके हेच मी पुण्यात पदवीधरांच्या घरांतही ऐकले आहे.

माझ्या मामेबहिणीची मुलगी गेल्या दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. लग्नाला चार वर्षे झालेली, मूल नाही. पाळीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळून राही. शेवटी शहरातल्या एका रुग्णालयात तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पाच महिने झाले तरी तिला पाळी आली नाही. सासरच्यांनी हिशेब मांडला तो असा : डॉक्टरांनी अस्तराचे काहीतरी केले, पाळी बंद पडली, म्हणजे अस्तरच गेले, आता कूस उजवायची नाही.

तिच्या सासूबाई दुष्ट नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा चहा पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. पिशवीचं अस्तरच खरवडून काढलं म्हणत्यात. मग त्यात बी रुजायचं कसं?"

या प्रश्नात खोट काढायला जागा नव्हती. शेती करणाऱ्या बाईचा तो सरळ तर्क होता. चूक होती ती तर्काच्या पायाखालच्या माहितीत. आणि ती माहिती त्यांना पाच महिन्यांत कुणीही नीट सांगितली नव्हती.

मुलीने आपली फाईल माझ्यापुढे ठेवली. मी पडले मराठीची प्राध्यापिका. मला त्यातली औषधे कळली नाहीत, पण शब्द कळले. एका ओळीत 'एंडोमेट्रिओसिस' काढल्याचे लिहिले होते. दुसऱ्या ओळीत 'एंडोमेट्रिअम'चा तुकडा तपासणीस पाठवल्याचे. दोन्ही शब्द एकाच ग्रीक मुळातून आलेले : 'एंडो' म्हणजे आत, 'मेट्रा' म्हणजे गर्भाशय. एंडोमेट्रिअम हे गर्भाशयाचे अस्तर. एंडोमेट्रिओसिस हा रोग, आणि तो असतो गर्भाशयाच्या बाहेर! घरातल्यांनी दोन्ही शब्द एकच समजून वाचले, आणि 'रोग काढला' याचे 'अस्तर काढले' असे झाले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. फाईल घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने जे समजावले, ते माझ्या भाषेत इथे मांडते.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे दोन पदर असतात. वरचा पदर दर महिन्याला जाडावतो आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने गळून पडतो. खालचा पदर जागेवरच राहतो आणि त्यातून पुन्हा नवा वरचा पदर उगवतो. गवत कापले तरी मुळे राहिली की पुन्हा फुटते, तसे हे आहे. म्हणजे बाईच्या शरीरात अस्तर जाणे आणि येणे ही महिन्याची रीतच आहे.

एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढते : अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तेही पाळीच्या चक्राप्रमाणे फुगते, रक्तस्राव करते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे दाह होतो, व्रण पडतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. अंडाशयात जुने रक्त साठून गाठ होते, तिला रंगावरून 'चॉकलेट सिस्ट' असे गोड नाव आहे. अमेरिकेतील ऑल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचे वर्णन केले आणि पाळीचे थोडे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते व तिथे रुजते, असा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडला. शंभर वर्षे होत आली तरी रोगाच्या उगमाची चर्चा त्यांच्या सिद्धान्तापासूनच सुरू होते.

हा रोग दुर्मिळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे सुमारे १९ कोटी जणींना तो असतो. आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील या रोगाचा आणि त्यामागच्या आनुवंशिकतेचा मोठा अभ्यास हाती घेतला आहे. या संस्थेचे आणि केईएम रुग्णालयाचे नाव वाचकांना आठवत असेल, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेले परीक्षानळीतले बाळ या दोन्ही संस्थांच्या सहकार्याचे फळ होते.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. पोटाला बारीक छिद्रे पाडून दुर्बीण आत घालतात आणि हे बाहेर रुजलेले पेशीजाल कापून किंवा जाळून काढतात. चिकटलेले अवयव मोकळे करतात. यात गर्भाशयाच्या आत शिरण्याचे कारण नसते. आतले अस्तर जिथल्या तिथे राहते.

मग 'खरवडले' हे आले कुठून? बहुतेक वेळा त्याच भुलीत डॉक्टर आणखी दोन गोष्टी उरकून घेतात. नलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे रंगीत द्रव सोडून पाहतात, आणि अस्तराचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवतात. आपल्या देशात क्षयरोग गर्भाशयातही घर करतो आणि तो खरोखरच अस्तराची नासाडी करू शकतो, म्हणून ही तपासणी आपल्याकडे विशेष होते. तुकडा घेतलेली जागा पुढच्या चक्रात भरून येते. आमच्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते, आणि क्षयाची तपासणी निर्दोष आली होती. तो कागद फाईलमध्येच होता. कुणी वाचला नव्हता.

राहता राहिली बंद झालेली पाळी. रोग परत डोके वर काढू नये म्हणून तिला रोज एक हार्मोनची गोळी दिली होती. ही गोळी चालू असताना पाळी कमी होते किंवा थांबते, आणि बीजही बहुधा सुटत नाही. म्हणजे पाच महिने घरचे लोक ज्या गर्भाची वाट पाहत होते, तो राहू नये अशीच व्यवस्था रोज रात्री पाण्याबरोबर पोटात जात होती! गोळी देताना "तुम्हांला मूल कधी हवे आहे?" हा एक प्रश्न विचारला गेला नाही, आणि घरच्यांनीही "या गोळीने काय होते?" हे विचारले नाही. दोन न विचारलेल्या प्रश्नांच्या मधे एक मुलगी माहेरच्या ओसरीवर बसून राहिली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबल्या, आणि दीड महिन्याने पाळी आली. सासूबाईंना मी फोनवर एवढेच सांगितले, "अस्तर शाबूत आहे." पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "मग तिला आणाया कधी येऊ?"

इथे गोष्ट गोड करून थांबवता आली असती. पण ते खरे होणार नाही. माझ्या विद्यार्थिनीने पुढे जे सांगितले, ते जास्त महत्त्वाचे आहे. या शस्त्रक्रियेत काळजी करायचीच, तर ती अस्तराची नव्हे, अंडाशयाची. मुलगी जन्माला येते ती आयुष्यभराचा बीजसाठा घेऊन. जन्माच्या वेळी तो दहा ते वीस लाखांच्या घरात असतो, वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतो, आणि त्यात भर पडत नाही. चॉकलेटच्या गाठीचे वेष्टण सोलून काढताना त्याला चिकटलेला अंडाशयाचा चांगला भागही थोडा निघून येतो. गाठी दोन्ही बाजूंना असतील, किंवा तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली, तर साठा अधिक घटतो. 'ए. एम. एच.' नावाच्या रक्ततपासणीवरून त्याचा अंदाज येतो. आमच्या मुलीचा आकडा तिच्या वयाच्या मानाने कमी आला. अस्तर शाबूत होते, पण वेळ दवडायला फारशी सवड नव्हती. ज्या पाच महिन्यांत घरात रुसवेफुगवे चालले होते, ते पाच महिने तिचे होते.

मग शस्त्रक्रिया करूच नये काय? तसेही नाही. कॅनडात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात सौम्य स्वरूपाचा रोग असलेल्या ३४१ वंध्यत्वग्रस्त स्त्रिया होत्या. निम्म्या जणींचा रोग दुर्बिणीतून काढला, निम्म्या जणींचा नुसता पाहून ठेवला. नऊ महिन्यांच्या आत गर्भ राहून टिकण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३०.७ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.७ टक्के निघाले. १९९९ मध्ये इटलीतल्या एका लहान अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही. एकंदर पुराव्याचा विचार करून युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये असे मत दिले, की सौम्य रोगात गर्भधारणेसाठी शस्त्रक्रिया सुचवायला हरकत नाही. पण परीक्षानळीच्या उपचारापूर्वी केवळ यश वाढावे म्हणून चॉकलेटची गाठ सरसकट काढू नये, कारण तिने बीजसाठा घटण्याचा संभव असतो. दुखणे असह्य असेल, तर तो विचार वेगळा.

शिक्षकीपेशामुळे मला आणखी एक गोष्ट आवडली. शस्त्रक्रियेनंतर आपोआप गर्भ राहण्याची शक्यता किती, याची डॉक्टरांकडे २०१० पासून दहा गुणांची एक गुणपत्रिका आहे. वय, किती वर्षे मूल नाही, पूर्वी कधी गर्भ राहिला होता का, नलिका आणि अंडाशय कितपत काम देतील, रोग किती पसरला होता, यांवर गुण मिळतात. अस्तर हा विषय त्या गुणपत्रिकेत नाही! या रोगात अस्तराचा हार्मोनला मिळणारा प्रतिसाद थोडा मंदावतो हे अभ्यासकांना दिसले आहे. पण प्रतिसाद मंदावणे वेगळे, आणि अस्तर नाहीसे होणे वेगळे.

अस्तर खरोखर जाते तेव्हा काय होते, हेही सांगायला हवे. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर करावे लागणारे क्युरेटिंग फार खोल गेले, तर खालचा पदर दुखावतो आणि गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. डॉ. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. पुष्कळदा हे चिकटलेले पडदे दुर्बिणीतून सोडवता येतात. प्रत्येक वेळी नाही. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये भारतातले पहिले गर्भाशयरोपण केले. त्याच महिन्यात तिथे रोपण झालेल्या गुजरातमधल्या एका स्त्रीला ॲशरमनचाच विकार होता. तिच्या आईने आपले गर्भाशय तिला दिले, आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली. जिच्या उदरात आई वाढली, त्याच उदरात नातही वाढली. अस्तर गेल्यावर मार्ग किती दूरचा असतो, हे यावरून कळेल. म्हणूनच न गेलेल्या अस्तराची अफवा पसरवणे मला क्रूर वाटते.

दुसऱ्या टोकाला बीड जिल्हा आहे. तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पोटात दुखते, अंगावर जाते, मग काढून टाका! आणि एंडोमेट्रिओसिसचे दुखणे तर पिशवी काढूनही पुरते जाईल असे नाही, कारण रोग पिशवीच्या बाहेर असतो. एका घरी न काढलेल्या अस्तरासाठी मुलीला दोष, दुसऱ्या घरी न विचारता सगळी पिशवीच काढलेली. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : नेमके काय केले, हे त्या बाईला कुणी सांगितले नाही.

म्हणून शस्त्रक्रियेला जाणाऱ्या प्रत्येक घराने चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. नेमका कोणता अवयव कापणार? अंडाशयाला हात लागणार असेल, तर आधी बीजसाठा तपासला का? गर्भाशयाच्या आत काही करणार का, आणि कशासाठी? नंतरच्या गोळ्यांनी पाळी थांबेल का, आणि मूल हवे असेल तर त्या केव्हा थांबवायच्या? शस्त्रक्रियेचा तपशील, आतली छायाचित्रे आणि काढलेल्या तुकड्याचा अहवाल मागून घ्यावा, आणि त्यातला प्रत्येक अवघड शब्द डॉक्टरांकडून मराठीत वदवून घ्यावा. लाजू नये. शब्दाचा अर्थ विचारणारा विद्यार्थी मला कधीच मठ्ठ वाटलेला नाही.

पाचवा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारायचा : मुलाची तपासणी झाली का? 'वांझ' हा शब्द आपण बाईला लावतो, गाईला लावतो, झाडालाही लावतो. पुरुषाला लावलेला मी ऐकलेला नाही. भाषेने पुरुषाला सोडून दिले, म्हणून निसर्ग सोडत नाही. आमच्या मुलीच्या नवऱ्याची तपासणी चार वर्षांनंतर प्रथमच झाली, तीही त्याच्या आईच्या सांगण्यावरून. तिचा निकाल मी इथे देणार नाही, ती त्याची खाजगी बाब आहे. त्याच्या बायकोचा निकाल मात्र, तोही खोटा, चार गावांना ठाऊक झाला होता.

आणि एक. "लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, दुखणे आपोआप जाईल," असे आपल्या आज्या-मावश्या सांगत आल्या. मूल हा या रोगावरचा उपचार नव्हे; तज्ज्ञ आता ते स्पष्ट सांगतात. पाळीत शाळा बुडावी, कामाला दांडी पडावी इतके दुखत असेल, तर ते सोसण्याचे नव्हे, दाखवण्याचे दुखणे आहे. या रोगाचे निदान व्हायला जगभर वर्षानुवर्षे लागतात, त्यातली कितीतरी वर्षे "बायकांना दुखायचेच" या एका वाक्याने खाल्लेली असतात.

तेव्हा यंदा भाऊबीजेला लेक घरी आली, की "काही विशेष?" हा आपला ठरलेला प्रश्न जरा बाजूला ठेवावा. तिला पडवीत घेऊन बसावे आणि "पाळीत फार दुखते का गं?" एवढेच विचारावे. ती हो म्हणाली, तर फराळाचे डबे भरताना तिच्या पिशवीत त्या चार प्रश्नांचा कागदही घालावा.